हूं न म्हणता पुढे गेलेली गोष्ट

थांबा, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. गॅसवर चहा आहे, उतू गेला तर जाऊ दे, पण आता नाही लिहिलं तर उद्या ऑफिसात कुणाच्या तरी तोंडावर बोलून मोकळी होईन. मला किळस आलीय. राग येऊन गेला, रडून झालं, आता नुसती किळस उरलीय. आणि कशाची, तर लहान मुलांच्या गोष्टींची! हसा. पण आधी ऐका.

मी मुलांच्या गोष्टींचं ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते. ऑफिस बाणेरला, राहते धायरीला ताईकडे, म्हणजे रोज सिंहगड रोडचं ट्रॅफिक ओलांडते. कळलं ना, माझ्यात सहनशक्ती किती आहे? तर माझं काम म्हणजे जुन्या गोष्टी घ्यायच्या आणि त्या 'सेफ' करायच्या. हा आमचा ऑफिसातला शब्द. गोष्ट आली की आधी तिच्यावर लाल खुणा पडतात. कुणी मेलं, लाल. कुणी कुणाला खाल्लं, लाल. विहीर आली, लाल, कारण मूल उद्या विहिरीत डोकावेल. (बाणेरच्या सोळाव्या मजल्यावरच्या मुलाला विहीर कुठून सापडणार, हे विचारायचं नाही.) सुरी लाल, उपाशी लाल, सावत्र तर भडक लाल.

मग आम्ही गोष्ट धुतो. लांडगा आता सॅलड खातो. सावत्र आई दुष्ट नसते, तिला ऑफिसचं टेन्शन असतं. चेटकिणीला कुणी वाढदिवसाला बोलावलेलं नसतं म्हणून ती रुसलेली असते, आणि शेवटी सगळे मिळून तिला कपकेक देतात. आमच्या गोष्टींत इतके कपकेक आहेत की मुलांना भीती वाटत नसेल पण डायबिटीस नक्की होईल. एकदा तर धुऊन धुऊन गोष्टीत काही उरलंच नाही. एक मुलगी जंगलात जाते आणि परत येते. बस. मी मीटिंगमध्ये विचारलं, "पण ती जाते कशाला?"

आमची हेड म्हणाली, "नेचर वॉक."

मी तेव्हा हसले होते. आम्ही सगळेच हसायचो. पगार बरा आहे, कॉफी फुकट आहे, माणसं वाईट नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे तुम्हाला वाटेल की तिथे राक्षस बसलेत. नाहीयेत. राक्षस असते तर सोपं होतं.

आता माझ्या बाबांबद्दल. ताईला मुलगी झाली तेव्हापासून आम्ही सगळेच त्यांना आबाजी म्हणायला लागलो, आमच्याकडे आजोबांना आबाजीच म्हणतात. आमच्याकडे म्हणजे यवतमाळकडे. आबाजी शिंपी. गावात बसस्टँडच्या मागे त्यांचं दुकान, एक मशीन, एक टेबल, आणि टेबलाखाली मी. शाळेतून आले की कापडाच्या चिंध्यांवर बसायचं आणि म्हणायचं, आबा, गोष्ट.

त्यांची गोष्ट सांगायची एक पद्धत होती, आणि ती काही फक्त त्यांची नव्हती, तिकडे सगळीकडे तशीच. सांगणाऱ्यानं एक वाक्य सांगायचं, ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणायचं. हूं आलं तर गोष्ट पुढे. नाही आलं तर गोष्ट तिथेच उभी. आबाजी तर मशीनचं पायडलही थांबवायचे. खडखडखड, "एक होतं गाव." हूं. खडखडखड, "गावाच्या मांगं जंगल." हूं. आणि मी हूं म्हटलं नाही की सुई वर, पाय थांबलेला, आणि आबाजी चष्म्यावरून बघतायत. पुष्कळदा मी झोपलेली असायचे, मग ते शर्टाची बाही पुरी करायचे. पण कधी कधी मी जागी असायचे आणि मुद्दाम म्हणायचे नाही.

कारण त्यांच्या गोष्टीत एक जागा होती.

गोष्ट सांगते, छोटी आहे. जंगलाच्या कडेला एक म्हातारा शिंपी आणि त्याची नात राहतात. जंगलात राक्षस. तो घराघराशी येतो आणि जे दिसेल ते खातो. कोंबड्या संपल्या, बकऱ्या संपल्या, एक दिवस तो शिंप्याच्या दाराशी येऊन म्हणतो, पोरगी दे. म्हातारा म्हणतो, पोरगी वाळकी आहे, मला खा, पण मी शिंपी माणूस, कातरीशिवाय कुठे जात नाही. राक्षस हसतो. म्हणतो, चल, कातरीसकट. आणि म्हाताऱ्याला गिळतो.

ही ती जागा. 'गिळलं.' इथे मी तोंड घट्ट मिटून घ्यायचे. हूं नाही म्हणजे नाही. आबाजी थोडा वेळ बघायचे, मग म्हणायचे, "बरं. राहू दे. बुढा बसला पोटात. उद्या पाहू." आणि पायडल सुरू. त्यांनी एकदाही 'अगं, पुढे छान होतं' असं सांगितलं नाही. आमिष नाही, घाई नाही. म्हातारा माझ्यामुळे कित्येक महिने राक्षसाच्या पोटात बसून होता. मी शाळेत असताना मला तो आठवायचा. आत अंधार असेल, कातर हातात असेल. मला भीती वाटायची, आणि खरं सांगू, मला ती भीती आवडायचीसुद्धा. ती माझी होती. मला पाहिजे तेव्हा मी ती बंद करू शकत होते.

मग एके दिवशी, मी दुसरीत वगैरे असेन, मी हूं म्हणून टाकलं. आबाजींनी काही कौतुक केलं नाही. सरळ पुढे गेले. म्हाताऱ्यानं आतून कातर चालवली, खर्र. राक्षसाचं पोट फाटलं. राक्षस मेला. "अन् बुढा?" मी विचारलं. "बुढा बी मेला. इतक्या आत गेलेला माणूस वापस येत नाही, बाई." मग नात येते. कातर उचलते. नदीवर जाऊन कातर धुते, धार लावते, आणि गावाचे कपडे शिवायला बसते. संपली गोष्ट.

मी काही रात्रभर रडले नाही, की मला ट्रॉमा झाला नाही. मी आबाजींना म्हटलं, "मलेबी कातर पाहिजे." त्यांनी धागे तोडायची छोटी कातर दिली, तीही गंजलेली.

तर असे आबाजी. आई गेल्यावर एकटेच होते, पिल्लू झाली तेव्हा ताई त्यांना पुण्याला घेऊन आली. पिल्लू म्हणजे ताईची मुलगी, आता पाच वर्षांची. ताई आणि जीजू दोघंही हिंजवडीला आयटीत, दोघांचे कॉल वेगवेगळ्या देशांत. आबाजींनी येताना मशीनही आणलं. धायरीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ते बसायचे, सोसायटीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावायचे, आणि मशीनखाली कोण? पिल्लू. तोच गाव, तेच जंगल, तोच राक्षस. आणि तीच जागा! 'गिळलं' म्हटलं की पिल्लू दोन्ही हातांनी तोंड झाकायची. आबाजी म्हणायचे, "बरं. राहू दे." एकदा ताई वैतागली.

"आबा, तिला एकदाचा शेवट सांगून टाका ना. किती दिवस तेच तेच."

"तिनं हूं म्हटलं का?"

"नाही, पण..."

"मंग? गोष्ट तिची हाय. माह्या हातात काय हाय?"

आबाजींसमोर पिल्लूनं त्या जागी कधीच हूं म्हटलं नाही. हे लक्षात ठेवा. तिला शेवट माहीतच नव्हता.

गेल्या वर्षी ऑफिसातून फर्मान निघालं की घरोघरच्या लोककथा पाहिजेत, सांगणाऱ्याच्या खऱ्या आवाजात. मी घरी सहज बोलले तर आबाजी उठूनच बसले. "मले ने ना. मी सांगतो." इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, कॅबमध्ये खिडकीशी. स्टुडिओत त्यांना काचेच्या खोलीत माइकसमोर बसवलं, बाहेर आमचा साउंडवाला मुलगा हेडफोन लावून. लाल दिवा लागला. आबाजी म्हणाले, "एक होतं गाव." आणि थांबले.

साउंडवाला काचेतून हाताने खुणावतोय, चालू ठेवा, चालू ठेवा. आबाजी त्याच्याकडे बघतायत. पुन्हा म्हणाले, "एक होतं गाव." पुन्हा थांबले. असं चारपाच वेळा. शेवटी माइकमध्येच बोलले, "काऊन, हा पोट्टा हूं नाही म्हणून रायला? झोपला काय?"

साउंडवाला मला म्हणाला, "काका विसरतायत का?"

मी म्हटलं, "ते नाही, तू विसरतोयस. हूं म्हण."

"माझा आवाज रेकॉर्डमध्ये येईल ना!"

"मंग मी काय भिंतीले गोष्ट सांगू?" आतून आबाजी. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

शेवटी मी आत जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि हूं म्हटलं. सगळी गोष्ट मला सांगितली त्यांनी, पार कातर धुण्यापर्यंत. बाहेर आले तर ऑफिस हसून हसून लोळत होतं, आबाजीही हसत होते, दोन कप कॉफी प्यायले, बाणेरच्या मशीनची कॉफी बरी असते म्हणाले. परवानगीच्या कागदावर सही केली. घरी येऊन पिल्लूला सांगितलं, "तुह्या मावशीच्या कंपनीत बिना हूंकारानं गोष्टी सांगतात. वेडे हायेत सारे."

दिवाळीनंतर आबाजी गेले. सकाळी फॉल लावता लावता छातीत दुखलं, हॉस्पिटलमध्ये नेलं, संध्याकाळपर्यंत संपलं. पिल्लूला जीजूंनी त्यांच्या मित्राकडे ठेवलं होतं. आम्ही गावी जाऊन, तेरवी आटपून परत आलो तेव्हा ताईनं ठरवून टाकलं होतं. "तिला सांगायचं नाही. आबाजी गावाला गेलेत, एवढंच. पाच वर्षांची आहे गं ती. शाळेच्या ग्रुपवर पण सगळे तेच म्हणतात, इतक्या लहान वयात एक्स्पोज करू नका." मी मान डोलावली. ताईचेच डोळे सुजलेले. तिलाही कुणीतरी 'गावाला गेलेत' असं सांगितलं असतं तर तिनं मानलं असतं.

पिल्लू रोज विचारायची, कधी येणार? लवकर. मशीनवर तिनं स्वतःची बाहुली बसवली होती, जागा धरायला. आबाजींच्या चपला दाराशी नीट जोडीनं लावून ठेवायची. हे बघवायचं नाही.

आणि मग ऑफिसमध्ये सरप्राइज.

मी रजेवर होते तेव्हा त्यांनी आबाजींची गोष्ट 'सेफ' केली होती. मला कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं, सगळी टीम, मध्ये केक. हो, केक. हेड म्हणाली, "तुझ्या बाबांना आमच्याकडून ट्रिब्यूट," आणि मोठ्या स्क्रीनवर गोष्ट लावली.

आबाजींचा आवाज. अगदी त्यांचाच, तो घशात थोडी धूळ असल्यासारखा. "एक होतं गाव. गावाच्या मागे जंगल. जंगलात एक राक्षस राहायचा, त्याला कुणीच मित्र नव्हता."

कुणीच मित्र नव्हता?

आबाजी असं म्हणालेच नव्हते. त्यांच्या तोंडात 'मांगं' होतं, 'मागे' नव्हतं. पण आवाज त्यांचा! मग माझ्या लक्षात आलं. त्या रेकॉर्डिंगवरून त्यांचा आवाज कॉम्प्युटरला शिकवलाय. आता त्याच्याकडून काहीही वदवून घेता येतं. आबाजींच्या आवाजात राक्षस मुलांना दुरून बघत रडतो. त्याला एक गोड नाव पण दिलंय, ते मी इथे टाइपसुद्धा करणार नाही. कातर गेली, धारदार ना ती, तिच्या जागी रंगीत रिळं आली. म्हातारा राक्षसाला थंडी वाजते म्हणून स्वेटर शिवून देतो. (स्वेटर विणतात. शिवत नाहीत. एका शिंप्याच्या तोंडी हे घातलं!) गिळणं वगैरे नाही, राक्षस म्हाताऱ्याला खांद्यावर बसवून डोंगरावर फिरायला नेतो. नात वाट बघते. आणि शेवटी आबाजींचा आवाज म्हणतो, "आणि आजोबा खूप सारा खाऊ घेऊन परत आले. कारण आपली माणसं नेहमी परत येतात."

टाळ्या वाजल्या. कुणीतरी माझ्या हातात केकची प्लेट दिली. मी वॉशरूममध्ये जाऊन उलटी केली. खोटं नाही, खरंच केली. मेलेल्या माणसाच्या तोंडात साखर कोंबल्यासारखं वाटलं मला.

मग हेडशी भांडले. ती शांतपणे म्हणाली, "अगं, पण किती वॉर्म झालीये. मूळ गोष्टीत पोट फाडतात. तू स्वतःच्या भाचीला ऐकवशील का ती?"

"तिला आबाजी ऐकवत होते."

"आणि मुलगी घाबरत नव्हती?"

"घाबरत होती. म्हणून ते थांबत होते."

तिला कळलंच नाही मी काय बोलले ते. ती वाईट नाहीये हो, तिच्या स्वतःच्या मुलाला अंधाराची भीती वाटते, तो उठून उठून रडतो, तिला खरंच वाटतं की आपण हजारो घरांतलं रडणं वाचवतोय. आवाजाचं विचारलं तर म्हणाली, "त्यांची सही आहे." आहे. कॉफी पिताना केलेली.

घरी यायला आठ वाजले. दार उघडलं आणि आतून आबाजींचा आवाज. जीजूंनी लावून दिलं होतं. कंपनीनं घरच्यांनाही गोष्टीची लिंक आधीच पाठवली होती, बिचाऱ्यांना वाटलं पोरीला आवाज ऐकून बरं वाटेल. पिल्लू टॅबसमोर मांडी घालून. मला बघून उड्या मारत आली.

"मावशी! आबाजी परत येणारेत! खाऊ घेऊन! आबाजींनीच सांगितलं!"

मी ताईकडे बघितलं. ताई जीजूंकडे. जीजू टॅबकडे. त्या दिवशी तिघांपैकी एकालाही 'नाही' म्हणता आलं नाही. आता सांगा, गोष्टीत पोट फाटणं जास्त वाईट की हे?

पुढचे काही दिवस पिल्लूनं ती गोष्ट घासून काढली. शाळेतून आली की टॅब. खाऊ ठेवायला तिनं फ्रीजमध्ये एक डबा रिकामा करून ठेवला. आणि मग हळूहळू तिचा उत्साह उतरला. ऐकायची, पण तोंड पाडून. एका संध्याकाळी मी बाल्कनीत कपडे काढत होते, ती मशीनखाली बसली होती, टॅब मांडीवर बंद.

"मावशी."

"काय गं?"

"आबाजी थांबतच नाहीत."

मी कपडे तसेच धरून उभी.

"मी हूं म्हटलंच नाही तरी पुढे जातात. मी हात पण ठेवला तोंडावर. तरी गेले." मग एकदम बारीक आवाजात, "मावशी, ते मला विसरले का?"

बघा म्हणजे. आम्ही सगळे मोठे, शिकलेले, दोन आयटीतले आणि एक मुलांच्या गोष्टींची तज्ज्ञ, आणि आम्ही त्या पोरीला कुठे आणून ठेवलं होतं? तिच्यापुढे दोनच प्रश्न. आबाजी येणार असतील तर येत का नाहीत? आणि हे बोलतायत ते आबाजीच असतील तर आपल्याला ओळखत का नाहीत? मरण तिच्यापासून लपवायच्या नादात आम्ही तिला त्याच्याहून घाण काहीतरी दिलं होतं. नकोसं झाल्याची भावना. वर स्वेटर आणि खाऊ.

मी खाली तिच्याजवळ बसले. "ते आबाजी नाहीत, पिल्लू. कंपनीनं त्यांच्यासारखा आवाज बनवलाय. आबाजी तुला कधीच विसरणार नाहीत."

"मग खरे आबाजी कुठेत?"

ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मान हलवत होती, नको, नको.

मी म्हटलं, "खरी गोष्ट वेगळी आहे. सांगू? आबाजी सांगायचे तशी. तू हूं म्हणशील तेवढीच."

एक होतं गाव. हूं. गावाच्या मांगं जंगल. हूं. माझं वऱ्हाडी आता पुणेरी झालंय, पण जमेल तसं सांगितलं. 'अन् राक्षसानं बुढ्याले गिळलं.' दोन्ही हात तोंडावर. मी थांबले. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. ताई दारात तशीच. पिल्लू माझ्याकडे टक लावून बघत होती, मी पुढे जाते का ते बघत होती! मी गेले नाही. "बरं," मी म्हटलं. "राहू दे. बुढा बसला पोटात."

आणि काय सांगू, तिचा चेहरा इतक्या दिवसांनी सैल झाला. उठली आणि खेळायला गेली. टॅबला तिनं नंतर हात लावला नाही.

त्या संध्याकाळी ताई माझ्यावर जाम चिडली. "तू माझ्या पोरीला सांगणार होतीस?"

"ती विचारेल तेव्हा सांगणार."

"आणि मी आई म्हणून काय करू?"

"तू तिथे उभी राहा फक्त." ताई स्वयंपाकघरात निघून गेली. पण तिनं नको म्हटलं नाही.

मग काहीच झालं नाही. पिल्लू शाळेत जात होती, येत होती. मला वाटलं विसरली. आणि रविवारी सकाळी आम्ही चौघं पोहे खात होतो, जीजू लिंबू पिळत होते, टीव्हीवर काहीतरी चालू होतं, आणि पिल्लू प्लेटमधले शेंगदाणे वेगळे काढता काढता, मान वर न करता, म्हणाली,

"हूं."

जीजूंना कळलंच नाही. "काय गं, अजून हवेत?"

ताईला कळलं. तिनं टीव्ही बंद केला. माझ्या तोंडात घास. तो कसातरी गिळला आणि पुढे गेले. आत अंधार होता. हूं. बुढ्याच्या हातात कातर होती. हूं. त्यानं आतून कातर चालवली, खर्र. हूं. पोट फाटलं, राक्षस मेला. हूं.

"आणि बुढा?"

"बुढा बी मेला."

शेंगदाणे वेगळे काढायचं थांबलं. "आबाजी पण?"

मी ताईकडे बघितलं. मला वाटलं आता तीही तोंड झाकेल. पण ती पिल्लूच्या शेजारी खाली बसली आणि म्हणाली, "हो बाळा. आबाजी पण. दिवाळीनंतर. आम्ही तुला सांगितलं नाही."

पिल्लू रडली. भरपूर रडली, ताईच्या कुशीत, आणि ताई तिच्याहून जास्त. जीजूंनी लिंबू हातात तसंच धरलेलं. मग रडणं ओसरलं आणि नाक पुसत तिनं विचारलं, "पुढे?"

"हूं म्हण."

"हूं."

"मग नातीनं कातर उचलली..."

मला पुरं करूच दिलं नाही. उठली, बाल्कनीत गेली, मशीनचा खण ओढला, आणि आबाजींची मोठी काळी कातर दोन्ही हातांनी पोटाशी धरून घेऊन आली. आमच्या ॲपनं गोष्टीतून काढून टाकली होती ती. ताईनं हात पुढे केला आणि मागे घेतला. पिल्लूनं स्टूल ओढलं, सिंकवर चढली, आणि कातर धुतली. ताईनं मागून तिला धरलं होतं. साबण लावू का विचारलं, नको म्हणाली, नदीवर साबण नसतो. मग ताईनं ती स्वतःच्या ओढणीनं कोरडी केली, गंजेल म्हणून, आणि परत खणात ठेवली. चपला पिल्लूनं स्वतःच दारातून उचलून मशीनखाली ठेवल्या.

ऑफिसमध्ये मी रोज डोकं खाल्लं. शेवटी त्यांनी आबाजींचा आवाज काढला. गोष्ट तशीच आहे, आता कुणा गोड बाईच्या आवाजात. स्वेटर शिवणारा शिंपी अजून तिथे आहे, आजोबा अजून खाऊ घेऊन परत येतात, आणि कुठल्या तरी घरात कुणीतरी फ्रीजमध्ये डबा रिकामा ठेवत असेल. मी राजीनामा टाकलाय, नोटीस पिरियड चालू आहे. काल माझ्या टेबलावर लाल खुणांची नवी गोष्ट आली, तिच्यातली आई मरते. मी सगळ्या खुणा खोडल्या आणि तशीच परत पाठवली. बघू.

चहा गेला उतू. जाऊ दे.

तुम्ही सांगा ना मला, खरंच सांगा. तुम्हाला लहानपणी कुणी हूं म्हणायला लावायचं का? गोष्टीतली अशी एखादी जागा होती का, जिथे तुम्ही तोंड मिटून घ्यायचात? आणि मग कुणीतरी तुम्हाला न विचारताच, भरपूर साखर घालून, तुमची गोष्ट संपवून टाकली, असं तुमच्या बाबतीतही झालंय का?